अंडवाहिनीतील विकरे, उभयचरांची

उभयचर प्राण्यांच्या, विशेषतः बेडूक व भेक यांच्या, मादीच्या अंडवाहिनीत स्रवणारी आणि अंडाशयातून सुटलेल्या अंड्याचे आवरण बदलून त्यास निषेचनयोग्य करणारी प्रथिनभंजक विकरे. यांपैकी बराच अभ्यास झालेल्या विकरास ‘ओव्हिडक्टिन’ म्हणतात. ते पचनमार्गातील ट्रिप्सिनाच्या कुळातले आहे.

बेडकाची अंडवाहिनी अंडाशयास जोडलेली नसते. अंडी प्रथम देहगुहेत पडतात, तेथील पक्ष्माभिकांच्या हालचालीने पुढे सरकत फुप्फुसांच्या बुडाशी उघडणाऱ्या अंडवाहिनीच्या मुखात शिरतात, मग एका आखूड सरळ भागातून जातात, त्यानंतर लांबलचक वेटोळ्यांच्या भागात त्यांवर श्लेषाचे थर चढतात आणि शेवटी ती अंडकोष्ठात साठून राहतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून ज्यांनी पूर्वी विणीच्या हंगामातील मादीचे विच्छेदन केले असेल, त्यांना तबकातल्या पाण्यात फुगून इतर इंद्रिये झाकून टाकणारी ती पांढरी वेटोळी आठवतील. वरच्या टोकाचा सरळ तुकडा मात्र बहुधा दृष्टिआड राही. वस्तुतः अंड्याचे भवितव्य ठरते ते तेथेच.

देहगुहेतून काढून घेतलेले अंडे पूर्ण वाढलेले असते, आणि केंद्रकविभाजनाच्या ज्या टप्प्यावर शुक्राणूची प्रतीक्षा करावयाची तेथवर ते पोहोचलेलेही असते. तरीही त्यावर उत्तम शुक्राणूंचा द्रव सोडला असता निषेचन होत नाही. ही उणीव निव्वळ श्लेषाच्या अभावाची आहे असे मानणे सोपे होते, कारण श्लेषाचा आणि त्यातील कॅल्शियमादी आयनांचा या कार्यातील वाटा खरोखरच मोठा आहे. परंतु अर्जेंटिनातील तुकुमान येथे मिसेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ‘ब्यूफो अरेनारम’ या भेकावर प्रयोग करून १९७८ मध्ये दाखवून दिले की, सरळ भागाच्या स्रावात ट्रिप्सिनासारखे विकर असून देहगुहेतील अंड्यास निषेचनक्षम करण्याचे काम तेच करते. पुढे जपानी भेकावर होक्काइदो येथे कातागिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि ‘झेनोपस लीव्हिस’ या आफ्रिकी बेडकावर कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेड्रिक यांच्या प्रयोगशाळेने, या शोधास पुष्टी देणारे दाखले गोळा केले. झेनोपस हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. गर्भारपणाच्या चाचणीसाठी तो १९३० नंतर जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाऊ लागला, आणि त्याच सोयीमुळे त्याच्या अंड्याचा रासायनिक तपशील आज इतर उभयचरांपेक्षा अधिक हाती आहे.

तो तपशील असा. अंड्याभोवतीचे आवरण अनेक शर्करायुक्त प्रथिनांचे बनलेले असते. त्यांपैकी सुमारे ४३ किलोडाल्टन वजनाचे एक प्रथिन, जे सस्तन प्राण्यांच्या अंड्यावरील आवरणातील एका प्रथिनाचे सगोत्र आहे, त्यास ओव्हिडक्टिन एक काप देते आणि ते ४१ किलोडाल्टनांवर येते. प्रथिनाचा जो अंश जातो तो इतका लहान की, त्यावर एवढे सर्व अवलंबून असावे याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली देहगुहेतील अंड्याच्या आवरणात तंतूंच्या जुड्या स्पष्ट दिसतात. सरळ भागातून आलेल्या अंड्यात त्या विस्कटून आवरण एकसारखे झालेले आढळते. परिणामी शुक्राणू आवरणास अधिक संख्येने चिकटतात, आणि पूर्वी जे आवरण त्यांच्या विकरांस दाद देत नव्हते ते आता भेदता येते. ओव्हिडक्टिनाच्या जनुकाचा उलगडा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ रेणूत प्रथिनभंजकाचे दोन खंड एकत्र गुंफलेले असतात, ही रचना या कुळात असाधारणच म्हणावी लागेल.

अंडवाहिनीचा अंमल येथेच संपत नाही, हे बव्हेरियातील जुन्या संशोधनावरून दिसते. म्युनिक विद्यापीठात १८८५ पासून प्राणिशास्त्राचे अध्यासन सांभाळणारे रिखार्ड हेर्टव्हिग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेडकांच्या जोड्या विणीच्या वेळी विलग करून निषेचनास विलंब लावला. अंडकोष्ठात अडकून पडलेली अंडी अतिपक्व झाली आणि त्यांपासून उपजलेल्या पिल्लांत नरांचे प्रमाण फार वाढले. विकरांची माहिती हेर्टव्हिग यांच्यापाशी नव्हती. तरी अंडवाहिनीतून जाणे जितके आवश्यक तितकेच तीत योग्य तेवढाच काळ राहणेही आवश्यक, हे त्यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले. प्रयोगशाळेत संप्रेरकाची सुई दिलेल्या मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढतात व त्यांवर लागलीच शुक्राणूंचा द्रव टाकतात, त्यामागील कारणही हेच आहे.