कुयरीचे मूळ

गृहसजावटीच्या एका प्रदर्शनाला आम्ही गेलो ते काहीतरी अस्सल हाती लागावे या इराद्याने. अभ्रे, पडदे, दिवे, भिंतीवर टांगायच्या थाळ्या यांनी गजबजलेल्या त्या मंडपात 'ओरिजिनल डिझाइन' हे शब्द जवळजवळ प्रत्येक गाळ्यावर होते आणि नक्षी मात्र सगळीकडे तीच ती. एका विक्रेत्याने अभ्रा पुढे करीत सांगितले, "ही पेझली. फॉरेनचं डिझाइन आहे." जो आकार आम्ही पदरावर, मेंदीत, हळदीकुंकवाच्या करंड्यात पाहत आलो आणि ज्याला कुयरी म्हणत आलो, तो आम्हांला परदेशी म्हणून विकला जात होता!

विक्रेता अगदीच खोटे बोलत होता असेही नाही. पेझली हे स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळचे गाव. एकोणिसाव्या शतकात तेथील मागांवर काश्मिरी शालींच्या नकला विणल्या जात, आणि त्या इतक्या खपल्या की नक्षीलाच गावाचे नाव चिकटले. मग मूळ काश्मीर, असे म्हणून मोकळे व्हावे काय? सतराव्या शतकातील मोगल शालींवर कुयरी नाही. तेथे एकेकटे, नाजूक, फुललेले रोप आहे. पुढे रोपाचा गुच्छ झाला, गुच्छ दाटत गेला, आणि १८००च्या सुमारास कललेल्या टोकाचा बंदिस्त आकार रूढ झाला. आपण त्यात आंबा पाहिला, हे आपले वाचन.

या शालींवर कुणा एका कलावंताची मालकी सांगणे कठीणच. नक्काश रेखाटन करी, तराहगुरू कोणत्या रंगाचे किती धागे ते तोंडी सांगे, तालीमगुरू ते खुणांच्या लिपीत उतरवी आणि विणकर त्या लिपीबरहुकूम विणी. (संहिता, पाठ, वाचन या शब्दांवर तासन् तास बोलणाऱ्या आम्हां शिक्षकांना वस्त्राचीही संहिता असते हे फार उशिरा कळले.) युरोपातील मागणी वाढली तेव्हा तर फ्रेंच व्यापाऱ्यांनी आपल्याकडचे नमुने काश्मिरात आणले आणि तेथील विणकरांनी ते विणले. म्हणजे अस्सल काश्मिरी शालीवरची नक्षी फ्रेंच, आणि स्कॉटिश नकलेवरची काश्मिरी!

तेव्हा नक्षी उचलण्याला सरसकट चोरी म्हणणे आम्हांला जमत नाही. उसने शब्द घेतल्याशिवाय भाषा वाढत नाही, तसेच हे. सल आहे तो वेगळाच. शाल जगभर मिरवत असताना शालबाफ मात्र कर आणि कर्ज यांच्या कचाट्यात होता. एप्रिल १८६५ मध्ये श्रीनगरच्या झालडगर भागात विणकर जाचक करांविरुद्ध एकत्र आले. त्यांच्यावर सैन्य घालण्यात आले आणि त्यात विणकरांचे बळी गेले. पाठोपाठ १८७०-७१चे फ्रान्स-प्रशिया युद्ध आले, पॅरिसची रुची बदलली, शालींचा बाजार कोसळला. त्यावर १८७७चा दुष्काळ. नकलाकारांचेही काही भले झाले नाही. १८४०च्या दशकाच्या आरंभीच्या मंदीत पेझलीतील हजारो माणसे बेकार झाली होती. तेथील विणकर आणि येथील विणकर यांना एकमेकांचे तोंड कधी दिसले नाही. नक्षी तेवढी दोघांची एक.

आपल्याकडे शालजोडी हे मानाचे वस्त्र. पुढे मखमली टोमण्यांनाही आपण 'शालजोडीतले' म्हणू लागलो. भाषेत शाल राहिली, शालबाफ राहिला नाही. आमच्या महाविद्यालयांतील सत्कारांतही शाल पांघरताना ती कुणी विणली असे कधी कुणी विचारलेले आम्हांला आठवत नाही. आम्हीही विचारले नाही.

प्रदर्शनात मात्र विचारले. ही नक्षी कुणी काढली? "वरून माल येतो," विक्रेता म्हणाला. आम्ही दोन अभ्रे घेतले. पावतीवर लिहिले होते : पेझली प्रिंट, २ नग.