खानदेशातील शिंपले : खनिजरचना आणि कालनिर्णयाचा प्रश्न

तापी-गिरणा खोऱ्याच्या प्रागैतिहासाचे संशोधन प्रामुख्याने मृद्‌भांडी व दगडी हत्यारे यांच्या आधारे झाले आहे. जळगाव जिल्ह्यातील बहाळ येथे १९५२-५३ व १९५६-५७ मध्ये म. न. देशपांडे यांनी, तर तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. प्रकाशे तेव्हा धुळे (पश्चिम खानदेश) जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. अशा नदीकाठच्या वसाहतींच्या अभ्यासात शिंपल्यांच्या साक्षीचे मोल किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिंपला ही मृदुकाय प्राण्याची निर्मिती होय. प्राण्याचे शरीर झाकणारा प्रावार नावाचा पातळ पडदा पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट शोषून घेतो आणि प्रथिनांच्या जाळीवर कॅल्शियम कार्बोनेटाचे स्फटिक रचतो. गोड्या पाण्यातील शिंपल्यात बाहेर शृंगमय आवरण, त्याखाली स्तंभाकृती स्फटिकांचा थर आणि आत चकचकीत मौक्तिक थर असतो. मौक्तिक थरातील अॅरागोनाइटच्या चकत्या सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या असून विटांच्या बांधकामाप्रमाणे एकावर एक बसलेल्या असतात.

कालनिर्णयाची अडचण या घडणीतूनच उद्भवते. शिंपल्यातील कार्बनाचा मोठा वाटा पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटाचा असतो. ते जुन्या चुनखडीतून आले असल्यास, विलार्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या कार्बन-१४ पद्धतीने शिंपल्याचे वय वास्तवापेक्षा अधिक भरते. शिवाय जमिनीत दीर्घकाळ पुरलेल्या अॅरागोनाइटचे कॅल्साइटमध्ये रूपांतर होऊ शकते. त्या वेळी बाहेरचा कार्बन आत शिरतो.

या संदर्भात चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील उदाहरण उद्बोधक आहे. १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांना तेथे शहामृगाच्या अंड्याची कोरीव नक्षीची कवची सापडली. या कवचीचे वय सुमारे २५,००० वर्षे निश्चित झाले. अंड्याची कवची कॅल्साइटची असते आणि तिच्यातील कार्बन मुख्यतः पक्ष्याच्या आहारातून येतो. शिवाय एवढ्या दीर्घ कालपटावर दोन-तीन शतकांच्या फरकाने निष्कर्ष बदलत नाही. ताम्रपाषाणयुगाची स्थिती मात्र निराळी आहे. माळवा संस्कृतीचा दख्खनमधील काळ सुमारे इ.स.पू. १६०० ते १४०० असा मानला जातो. येथे दोनशे वर्षांची चूक झाल्यास माळवा व जोर्वे यांचा क्रमच संदिग्ध होईल.

सारांश, खानदेशातील शिंपल्यावरून काळ ठरविण्यापूर्वी क्ष-किरण परीक्षणाने त्याचे अॅरागोनाइट शाबूत असल्याची खात्री करणे आणि त्याच थरातील कोळसा वा धान्याच्या वयाशी त्याचा ताळा पाहणे अगत्याचे आहे. नदीकाठच्या माणसाने काय खाल्ले, हे शिंपला सांगू शकतो. केव्हा खाल्ले, याबाबतची त्याची एकट्याची साक्ष मात्र ग्राह्य धरता येत नाही.