सुभेदारांचे कार्ड, माझी पॉलिसी

आमच्या शहापुरातले एक सुभेदार १९९४ साली पेन्शनीत आले. तेव्हा निवृत्त फौजीला मोठ्या उपचारासाठी लष्करी इस्पितळच. आसनगावहून लोकल, मग कुलाब्याचे ‘अश्विनी’. मुरबाडकरांना तर रेल्वेही नाही. आधी एसटीने कल्याण गाठायचे. एका तपासणीपायी अख्खा दिवस मोडायचा.

१ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिकांसाठी ‘ईसीएचएस’ सुरू झाली. वर्गणी एकदाच, वयाची अट नाही, जुना आजार चालतो, पत्नीलाही लाभ. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तर वर्गणीही माफ! तरी मी त्यांना म्हणालो होतो, “साहेब, सरकारवर विसंबू नका, मेडिक्लेम घ्या.” १९८६ मध्ये आलेली ती योजना मला फार शहाणपणाची वाटे. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

माझ्या पॉलिसीचा अर्ज एजंटाने भरला. मधुमेहाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले आणि मी न वाचताच सही केली. (आयुष्यभर मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ सांगणारा मी!) पुढे दावा नाकारला गेला. सुभेदारांना पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीसाठी रांगा लावाव्या लागल्या, औषधासाठी ‘उद्या या’ ऐकावे लागले. पण हृदयाची शस्त्रक्रिया पदरचा पैसा न जाता झाली.

मात्र २००३ च्या नियमात पेन्शन नाही तर कार्डही नाही. मुरबाडकडचा माझा एक विद्यार्थी पंधरा वर्षे भरण्याआधीच फौज सोडून आला. परवा विचारत होता, “सर, पॉलिसी घेऊ का?” २०२४ पासून जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे झाली आहे. म्हटले, “घे. काही लपवू नकोस. आणि सही करण्याआधी अर्ज माझ्याकडे घेऊन ये.”