तळटीप : इपुरुआ
१२. इपुरुआ : उत्तर स्पेनच्या बास्क भागातील एइबार या गावाचे फुटबॉल मैदान, १९४७पासून वापरात. वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास, मैदानात जागा जेमतेम आठ हजारांची. लेखकाने उल्लेखिलेले ‘फुकटे प्रेक्षक’ म्हणजे मैदानाला खेटून असलेल्या उंच इमारतींतले रहिवासी. घरच्या गॅलरीतूनच त्यांना सामना दिसतो. २०१४मध्ये संघ पहिल्यांदाच अव्वल श्रेणीत गेला, तेव्हा क्लबवर कर्ज नव्हते. तरी नियमावर बोट ठेवून सुमारे १७ लाख युरोंचे भांडवल उभारायला लावले गेले. (न्याय अजबच!) ते समभाग विकून उभे राहिले आणि देशोदेशीच्या चाहत्यांनी ते घेतले. म्हणून लेखकाशेजारी बसलेला परदेशी पाहुणा स्वतःला ‘मालक’ म्हणवतो, ती निव्वळ थट्टा नसावी. २०२१मध्ये संघ खालच्या श्रेणीत उतरला. लेखकाची भेट त्यानंतरची. — संपा.