हलू नका! – वेगवान भिंगांची गोष्ट

भिंग जागचे हलत नाही, तरी त्याला वेगवान का म्हणतात? फोटोग्राफीची हौस असलेल्या मंडळींना यात काही नवल वाटत नाही, पण मला हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मोठा गमतीचा वाटला होता. अर्थ साधाच आहे. भिंगाचे तोंड जितके मोठे तितका उजेड जास्त आत येतो, आणि उजेड जास्त आला की कॅमेऱ्याची झडप लवकर मिटली तरी चालते. म्हणजे वेग भिंगाचा नव्हे, झडपेचा!

हे तोंड किती मोठे हे सांगायला एफ नंबर असतो. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागायचे. ५० मिमीच्या भिंगाचे छिद्र २५ मिमीचे असेल तर एफ/२. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, हे नव्या माणसाला नेहमी उलटे वाटते. आणि झूम न होणारे, एकाच नाभीय अंतराचे भिंग म्हणजे प्राइम.

हे सगळे लिहायचे कारण असे की आमच्या नात्यातल्या तरुण मंडळींना सध्या या प्राइम लेन्सचे वेड लागले आहे. पन्नासची १.८ घ्यावी की १.४? की चेहऱ्यांसाठी ८५ च बरी? माझा धंदा इतिहास शिकवण्याचा. इतिहासाच्या बाईंना प्रश्न विचारला की त्या आधी पावणेदोनशे वर्षे मागे जातात, मग उत्तर देतात. तेव्हा जरा दम धरा. :-)

१८३८ साली दागेरने पॅरिसमध्ये आपल्या खिडकीतून बुलव्हार द्यु ताँप्ल नावाच्या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता गजबजलेला, घोडागाड्यांचा. पण चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो! कारण चित्र उमटायला काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या वेळात हलणारे सगळे पुसले गेले. ठळक दिसतो तो कोपऱ्यावरचा एकच माणूस. तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता, म्हणून उरला. माणसाचा पहिला फोटो म्हणून हेच चित्र सांगितले जाते. मला त्यात एक नियमच दिसतो: जो स्थिर राहील तोच उरेल.

पुढच्या वर्षी, १८३९ मध्ये, दागेरची पद्धत जगजाहीर झाली. इमारतींची, पुतळ्यांची चित्रे झकास येऊ लागली. पण लोकांना हवे होते चेहरे. आपल्या आईचा, आपल्या मुलाचा चेहरा. आणि तिथे गाडे अडले. त्या वेळचे भिंग एफ/१५ च्या आसपासचे. छिद्र मोठे का करत नव्हते? कारण भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांबरोबर एका बिंदूत मिळत नाहीत आणि चित्र धूसर होते. म्हणून भिंग करणारे कडा झाकून टाकत. चित्र स्वच्छ यायचे, पण उजेड थोडका.

ही गाठ सोडवली ती भिंग घासणाऱ्या कारागिराने नव्हे, तर व्हिएन्नाच्या विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापकाने. योझेफ पेट्झव्हाल त्याचे नाव. जन्म १८०७ चा, आजच्या स्लोव्हाकियातल्या एका लहान गावातला. वडील शाळामास्तर! (आमच्या जातकुळीतले म्हणून मला हा माणूस जरा जास्तच आवडतो.) त्याने ठरवले की भिंग चाचपडत घासून बघायचे नाही, आधी कागदावर किरणांचा हिशेब करायचा. हिशेब इतका मोठा की ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले आकडेमोडीत तरबेज जवान त्याच्या मदतीला देण्यात आले. तोफगोळ्यांचे मार्ग काढणारी माणसे किरणांचे मार्ग काढायला बसली. १८४० मध्ये चार काचांचे भिंग तयार झाले, एफ/३.६ चे. १५ ला ३.६ ने भागून वर्ग करा. उजेड एका फटक्यात सतरा पट!

ते व्हिएन्नातच फोग्टलेंडर यांच्या कारखान्यात बनले, आणि १८४१ मध्ये त्यांनी खास त्या भिंगाचा पितळी कॅमेराही विकायला काढला. त्याच सुमारास रसायनेही सुधारली, आणि दोन्ही मिळून मिनिटांचे काम सेकंदांवर आले. जगभर चेहऱ्यांचे स्टुडिओ निघाले ते यानंतर. पेट्झव्हालला मात्र एकदाच २,००० गुल्डन मिळाले म्हणतात. पुढे कारखानदाराशी भांडण झाले, १८५९ मध्ये घर फोडले जाऊन त्याची हस्तलिखिते नष्ट झाली, आणि प्रकाशावरचे त्याचे बरेचसे काम जगाला कळलेच नाही. ज्याच्यामुळे लाखो लोकांना आपल्या माणसांचे चेहरे जपता आले, त्याचे स्वतःचे कागद मात्र उरले नाहीत.

फोटोचे वेड आपल्याकडेही लवकरच आले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत होते. पण सेकंद म्हटले तरी ते पुष्कळ असतात. हात मांडीवर ठेवून, डोळे ताणून दहा सेकंद बसून बघा. म्हणून स्टुडिओत खुर्चीमागे लोखंडी चिमटा असे, मान धरून ठेवायला. हसू तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून कोणी हसत नसे. पुढे काचा वेगवान झाल्या, चिमटा गेला, पण ती बसण्याची तऱ्हा मात्र मागे राहिली. आमच्या आजोबांचा एकच फोटो घरात आहे. पगडी, उपरणे, हातात काठी, आणि चेहऱ्यावर असा करारीपणा की लहानपणी मी त्या भिंतीकडे बघत नसे. आजी सांगायची, 'अगं, ते असे नव्हतेच. सारखे थट्टा करायचे.' पण ती थट्टा कुठेच उरलेली नाही. आम्हा नातवंडांना मिळाले ते 'हलू नका' म्हटल्यावरचे आजोबा.

थट्टा पकडणारे भिंग यायला पेट्झव्हालनंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे लागली. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत लुडविग बेर्टेले नावाचा पंचविशीही न गाठलेला तरुण होता. त्याने एर्नोस्टार हे भिंग काढले. १९२४ मध्ये ते एर्मानॉक्स या छोट्या कॅमेऱ्यावर बसून बाजारात आले, आधी एफ/२, मग एफ/१.८. दिव्याच्या उजेडात, मॅग्नेशियमची पूड न पेटवता, घरात फोटो निघू लागले. त्या पुडीचा भडका आणि धूर झाला की सारी खोली सावध व्हायची. आता कोणाला पत्ताही लागेना.

या कॅमेऱ्याचे सोने केले डॉ. एरिख सालोमोन यांनी. शिक्षण कायद्याचे, वय चाळिशीपुढचे. १९२८ मध्ये टोपीत कॅमेरा लपवून त्यांनी खुनाच्या खटल्यातले फोटो घेतले आणि एकदम प्रसिद्ध झाले. मग राजकीय परिषदांत शिरले. १९३० च्या हेग परिषदेतला त्यांचा फोटो फार गाजलेला आहे: मध्यरात्र उलटून गेलेली, आणि युरोपचे भवितव्य ठरवणारे मंत्री खुर्च्यांत पेंगुळलेले. तोपर्यंत मंत्री म्हणजे छाती काढून उभा असलेला माणूस. थकलेला मंत्री लोकांनी प्रथम पाहिला. सालोमोन ज्यू होते. हिटलर आल्यावर ते हॉलंडमध्ये राहिले, पण तिथेही पकडले गेले, आणि १९४४ मध्ये ऑश्विट्झला मारले गेले. त्यांचे फोटो उरले.

बेर्टेलेने पुढे झाइससाठी सोनार हे भिंग काढले, १९३० नंतरच्या काळात थेट एफ/१.५ पर्यंत. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे दर वेळी चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. सोनारमध्ये काचा एकमेकींना चिकटवून असे पृष्ठभाग सहावर आणले होते. १९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली, आणि जास्त काचांची भिंगेही चालू लागली. आज आपण विकत घेतो त्या बहुतेक पन्नासच्या लेन्सा ज्या घराण्यातल्या, ते घराणे १८९६ च्या प्लानार भिंगाचे. लेपामुळे त्याचे दिवस पालटले.

आता या गोष्टीचे टोक. चंद्रमोहिमेसाठी झाइसने नासाकरिता ५० मिमीचे एफ/०.७ भिंग बनवले, अवघी दहा नग. त्यातली तीन दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकने मिळवली आणि 'बॅरी लिंडन' (१९७५) मधले काही प्रसंग निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. छायाचित्रकार जॉन अल्कॉट यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. समईच्या उजेडात बसलेली माणसे जशी दिसतात तशीच ती पडद्यावर दिसतात. पण बारकाईने बघा, ती फारशी हलत नाहीत! कारण छिद्र इतके मोठे की स्पष्ट दिसणारी जागा काही सेंटीमीटरचीच. नट जरा पुढे झुकला की चेहरा धूसर. नेमके अंतर कळावे म्हणून बाजूला दुसरा व्हिडिओ कॅमेरा लावावा लागला होता.

म्हणजे पाहा, उजेड कमी म्हणून १८४० मध्ये माणसाला स्थिर बसवले. उजेड मिळावा म्हणून भिंग उघडत गेलो, आणि पार उघडल्यावर पुन्हा तेच, 'हलू नका!' आधी वेळ आडवा येत होता, आता खोली. वेगवान भिंगाने माणसाला मोकळे केले ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. सगळ्या इतिहासातून मी हेच घेते, आणि १.८ की १.४ याचे उत्तरही मला त्यातच दिसते.

हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे झूम पन्नासला साधारण एफ/५.६ असते. तिथून १.८ वर गेलात की उजेड साडेनऊ पटींहून जास्त. १.८ वरून १.४ ला गेलात की फक्त १.६५ पट. १.४ वरून १.२ ला जेमतेम १.३६ पट, आणि किंमत मात्र दर पायरीला उड्या मारते. उलट मोठ्या सेन्सरवर पन्नासच्या लेन्सने एका मीटरवरून चेहरा घेतला तर १.८ ला सुमारे चार सेंटीमीटर स्पष्ट येते, १.४ ला तीन. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर याहून खूप जास्त असते. आजकालचे कॅमेरे डोळा आपोआप शोधतात, हे खरे; पण दोन माणसे जरा पुढेमागे बसली तर एकाचाच डोळा स्पष्ट येणार!

८५ चे म्हणाल तर चेहऱ्यासाठी ती छानच. लांबून घेता येते, त्यामुळे नाक मोठे दिसत नाही आणि समोरच्या माणसाला आपण अंगावर आल्यासारखे वाटत नाही. पण लहान खोलीत मागे सरता सरता पाठ भिंतीला टेकते. ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे त्यांना पन्नासचीच ७५-८० सारखी दिसते, त्यांनी वेगळी कशाला घ्यावी? कार्यालयात लग्ने काढणाऱ्यांना ८५ ची १.८ उपयोगी, घरातल्यांचे फोटो काढणाऱ्यांना पन्नासची १.८ पुरे. आणि कोणी म्हणेल की कॅमेऱ्यातच हात स्थिर करण्याची सोय असते, मग मोठे छिद्र हवे कशाला? तर ती सोय आपला हात स्थिर करते, समोरचे नातवंड नव्हे.

फोनचे कॅमेरेही हल्ली मागचे धूसर करून देतात, तेही निव्वळ आकडेमोडीने. तोफखान्यातले जवान आता खिशात बसून हिशेब करतात म्हणायचे! दिवसाउजेडी ते पुष्कळदा फसवतातही छान. पण उजेड असा हिशेबाने पैदा होत नाही. दिवाळीत पणत्यांशी वाकलेल्या पोरीचा चेहरा हवा असेल तर काच मोठी लागते, ती १८४० मध्ये लागत होती तशीच.

तेव्हा माझे मत १.८ ला. उरलेले पैसे गाडीभाड्याला ठेवा आणि ज्यांचे फोटो काढायचे राहून गेले आहेत अशा घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन या. संध्याकाळी जा, खिडकीशी बसवा, गप्पा काढा. फोटो थोडा हलला तरी चालेल.