वर्गणीची बोट

एस्टोनिया हे नाव आपल्यातल्या बहुतेकींनी ऐकलेलं नसेल. युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राकाठी, रशियाला लागून असलेला हा देश. लोकसंख्या साधारण १३ लाख, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही कमी.

दुसऱ्या महायुद्धात तिथे आधी सोव्हिएत फौजा आल्या, मग जर्मन, आणि १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. पहिल्या खेपेला शेजारपाजारची माणसं उचलून सैबेरियाला नेलेली लोकांनी पाहिली होती. म्हणून या वेळी हजारो कुटुंबं घरदार, गुरंढोरं टाकून निघाली. कितीतरी जण मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचले. काही होड्या वाटेतच बुडाल्या.

स्वीडनमध्ये काम मिळालं, पण डोळ्याला डोळा लागेना. १९४६ मध्ये स्वीडनने बाल्टिक देशांतले सुमारे दीडशे सैनिक सोव्हिएतांच्या ताब्यात दिले. उद्या आपल्यालाही परत धाडलं तर? मग लोकांनी पैसे गोळा करून जुन्या बोटी विकत घ्यायला सुरुवात केली.

त्यातली एक ‘वॉलनट’. युद्धात समुद्रातले सुरुंग काढायला वापरलेली लहानशी बोट. तिच्यात ३४७ माणसं बसली, लेकुरवाळ्या बायासुद्धा. ऐन हिवाळ्यात अटलांटिक महासागर ओलांडून डिसेंबर १९४८ मध्ये ती कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदराला लागली. हातात परवाना नव्हता. सगळ्यांना अडकवून ठेवलं, चौकशी झाली, आणि शेवटी बहुतेकांना राहू दिलं.

पोरं घेऊन असं निघणं वेडेपणाचं वाटेल. पण तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, एस्टोनियातून २० हजारांवर माणसं सैबेरियाला पाठवली गेली. त्यात बायका-मुलंच जास्त होती.

कॅनडात बरेच जण टोरांटो शहरात स्थिरावले. नवख्याला, तेही परक्या भाषेच्या माणसाला, बँक कर्ज देणार कशी? १९५४ मध्ये त्यांनी स्वतःची पतसंस्था काढली. सभासदांनी पैसे ठेवायचे, सभासदांनीच कर्ज घ्यायचं. बचत गटातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

१९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. पण तोवर नातवंडं टोरांटोची झाली होती. परत कायमचे गेले ते थोडेच. मुलांसाठी एस्टोनियन भाषेची शाळा मात्र तिथे आजही भरते, रोजची शाळा सांभाळून.