थंड डोंगरातले धावड

पिंपळीसारख्या गावात लोहाराच्या भट्टीजवळ बसायची खरी मजा पौष-माघात. एरवी बारामती ते इंदापूर हा सगळा पट्टा उन्हाचा. वैशाखात भात्याजवळ उभं राहणाऱ्याची कीवच यावी. पण ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे गारठा असतो, कोयत्यांना धार लावायची गर्दी असते आणि भट्टीभोवती आपोआप चावडी भरते. लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवतो, घणाखाली घालतो आणि त्यातून कोयता काढतो. लहानपणी मला एक प्रश्न पडायचा. हे लोखंड ट्रकमधून आलं, ठीक. पण ट्रक नव्हते तेव्हा कुठून यायचं?

आमच्याकडचं पाणी डोंगरातून येतं, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. 1885च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याला पाणी आलं आणि या भागाचं नशीब पालटलं. पण लोखंडही एके काळी सह्याद्रीच्या डोंगरात तयार व्हायचं आणि ते तयार करणारी माणसं मुसलमान होती, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही एका शब्दकोशातून. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या 1857च्या आवृत्तीत ‘धावड’ हा शब्द आहे. अर्थ दिला आहे, लोखंड गाळणारी जमात. पुढे एक छोटीशी भर आहे: या भागात ते मुसलमान आहेत.

धाऊ म्हणजे लोखंडाचा दगड आणि धाऊ गाळणारा तो धावड. धातू, धाऊ, धावड या शब्दांचं नातं कानालाच कळतं. म्हणजे जमातीचं नाव ना फारसी, ना अरबी. ते अस्सल मराठी मातीतलं आहे.

या धावडांचं एक मोठं ठाणं म्हणजे महाबळेश्वरचा डोंगर. उंची साडेचार हजार फूट. आज आपण तिथं थंड हवा खायला जातो. हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की त्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात. पण 1828-29मध्ये गव्हर्नर माल्कमच्या नावानं तिथं पेठ वसली, त्याआधीही या डोंगरावर माणसं राहत होती आणि त्यांना थंडी मौजेची नव्हती. माथ्यावर सगळा जांभा दगड. पावसानं हजारो वर्षं धुऊन धुऊन मागं उरलेला, लोहानं लाल झालेला. त्यातले जड, काळपट-तांबडे खडे धावड हेरायचे. खाली जांभूळ, अंजनी, हिरड्याचं दाट रान. दगड इथलाच, लाकूड इथलंच. लोखंडाला आणखी काय हवं? माणसाचे हात.

तिथल्या एका तरुण धावडाचा दिवस कसा जात असेल, हे त्या धंद्याच्या रीतीवरूनच समजून घेता येतं. लोखंड गाळण्याआधी त्याचा बराचसा वेळ लाकूड तोडण्यात आणि कोळसा पाडण्यात जायचा. चार-पाच मण लाकूड मातीखाली कोंडून जाळलं तर जेमतेम मणभर कोळसा हाती येतो. नंतर दगड फोडायचे, भाजायचे, पुन्हा फोडून सुपारीएवढे करायचे. मातीची कमरेएवढी भट्टी रचायची, तिच्या बुडाशी मातीचा नळा बसवायचा आणि नळ्याला कातडी भाते जोडायचे. वरून एक थर कोळशाचा, एक धाऊचा, आणि मग तासन्‌तास भाता.

यातली गंमत अशी, की या भट्टीत लोखंड वितळतच नाही. लोखंड वितळायला पंधराशे अंशांहून अधिक उष्णता लागते. मातीची भट्टी बाराशेच्या आसपास जाते. तेवढ्यात दगडातली माती पातळ होऊन कीट म्हणून खाली वाहते आणि आत उरतो तो स्पंजासारखा भोकाभोकांचा लोखंडाचा गोळा. भट्टी फोडून तो लालभडक असतानाच बाहेर ओढायचा आणि घणांनी बडवायचा, म्हणजे उरलेली कीट ठिणग्यांबरोबर बाहेर पडते. एवढं केल्यावर हातात किती लोखंड? एखाद्या पहारीपुरतं, दोन-चार कुऱ्हाडींपुरतं. भाता एक लयीत चालला नाही तर तेवढंही नाही. म्हणून भात्यावर तरुण पोरं आणि बाया, दगड पारखायला म्हातारे. अंगाची पुढची बाजू भाजते आणि पाठीवर डोंगराचं वारं बोचतं, असं ते काम.

मग चार महिने हे सगळं बंद. बारामतीला वर्षात पाचशे मिलिमीटर पाऊस धड पडत नाही, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार पडतो. ओला कोळसा पेटत नाही, मातीची भट्टी उभी राहत नाही. घरांना गवताच्या झडी बांधून माणसं आत बसायची. लोखंडवाल्यांचा छंद असलाच तर तो याच दिवसांतला.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहिलेत का? पोपट, मोर, घोडे, माणसं... सुपारी कातरायला यातलं काहीच लागत नाही. दोन पाती आणि एक खिळा पुरतो. तरी कुणीतरी त्या मुठीला चोच काढली, डोळा कोरला. ज्या हातांनी दिवसभर फाळ आणि खुरपी ठोकली, त्याच हातांची ही हौस. लोहकाम करणाऱ्याला रिकाम्या वेळात काय करावंसं वाटतं, याचं उत्तर त्या मुठीत आहे.

बाकी त्या वयाची पोरं डोंगरात जे करतात ते होतंच. कड्यावरच्या आग्या मोहोळाचा मध काढणं, झऱ्यातले खेकडे पकडणं. मोहरमला पंजे उठायचे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ते पंजे आजही हिंदू घरांच्या खांद्यावर असतात. आणि मुसलमान लोहाराच्या घरात आणखी एक कथा असते, हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांची. कुरआनातल्या 57व्या सूरहचं नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड. 34व्या सूरहमध्ये येतं, की अल्लाहनं दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केलं आणि त्यांना चिलखत घडवायला सांगितलं. म्हणून देशोदेशीच्या मुसलमान लोहारांनी त्यांना आपल्या धंद्याचे आद्य उस्ताद मानलं. एक पैगंबर आपल्यासारखंच काम करत होता, हे भाता ओढणाऱ्या पोराला केवढा धीर देत असेल!

हे सारं एकोणिसाव्या शतकात संपलं. साताऱ्याचं गॅझेटिअर 1885चं. त्यात धावडांचा लोखंडाचा धंदा जवळपास मागच्या काळातली गोष्ट म्हणून येतो. कारणं दोन. विलायतेहून सळया-पट्ट्या येऊ लागल्या. 1863मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि ते लोखंड देशावर स्वस्तात उतरू लागलं. दुसरं कारण जंगलाचं. 1865चा आणि मग 1878चा वनकायदा आला, रान राखीव झालं, कोळसा पाडणं गुन्हा ठरलं. कोळशावाचून धावड म्हणजे पाण्यावाचून कोळी.

जंगल तुटत होतं आणि धावडांच्या भट्ट्यांनी ते तोडलंही, हे नाकारायचं कारण नाही. एका गोळ्याला किती लाकूड जातं ते वर पाहिलंच. पण त्याच वर्षांत रेल्वेच्या प्रत्येक मैलाखाली अठराशे-दोन हजार लाकडी स्लीपर अंथरले जात होते. थंड हवेच्या ठिकाणी बंगले उठत होते, त्यांच्या चुली आणि शेकोट्या पेटत होत्या. ती तोड ‘विकास’ आणि धावडाची तोड ‘नासधूस’. मध्य भारतातल्या आगरियांच्या वाट्याला हेच आलं. हे आदिवासी लोखंड गाळणारे. व्हेरिअर एल्विननं 1942च्या आपल्या पुस्तकात त्यांच्या भट्ट्यांवरचे कर, बाजारातलं स्वस्त लोखंड आणि त्यांची मोडत चाललेली घरं नोंदवून ठेवली. त्यांची गाणी, त्यांच्या कथाही लिहिल्या. आपल्या धावडांबद्दल मला सापडली ती कोशातली एक ओळ आणि गॅझेटिअरमधले काही उल्लेख.

आता मूळ मुद्द्यावर येतो. कॉलेजात असताना एका मित्रानं मला सहज विचारलं होतं, “तुम्ही लोक मूळचे कुठले?” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर मुसलमानाचा इतिहास म्हणजे घोड्यावरून आलेला कुणीतरी होता. महाबळेश्वर म्हटलं की त्याला प्रतापगड आठवणार आणि प्रतापगड म्हटलं की 1659 आणि अफझलखान. तो इतिहास खराच आहे, तो कुणी पुसावा असं मी म्हणत नाही. पण त्याच डोंगरात दुसरा मुसलमानही होता. विजापूरहून आलेला नव्हे, तर तिथला दगड वासावरून आणि वजनावरून ओळखणारा. त्याला तख्त नको होतं, कोरडा कोळसा हवा होता. आमच्याकडच्या इतिहासप्रेमींनाही मी हेच सांगतो. आपण बहमनी आणि आदिलशाही दरबारांवर पानंच्या पानं लिहितो, कमानी आणि घुमट मोजतो. त्या घुमटाचा दगड ज्या छिन्नीनं घडला, ती छिन्नी कुणी ठोकली हे विचारत नाही. दरबार आपला म्हणून मिरवायचा आणि भट्टी विसरायची, हा दोष आपलाही आहे.

बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीला आपल्याकडे धाव म्हणतात. गोवऱ्यांच्या आरात ती पट्टी लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसते आणि चाकाचे सारे तुकडे आवळून धरते. आज पिंपळीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर जास्त, गाड्या कमी. पण कारखान्याच्या हंगामात अजून एखादी बैलगाडी ऊस घेऊन रबरी चाकांवर जाताना दिसते. मला मात्र ती जुनी लोखंडी धावच आठवते. मित्राच्या त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला देता आलं नव्हतं. आज विचारलं, तर मी त्याला आधी कोशातला ‘धावड’ हा शब्द काढून दाखवीन.